या, बसा, सही करा

मालगुंडहून आमच्या दादाचा फोन आला की मी आधी कॅलेंडरकडे पाहतो. मे महिना असेल तर आंब्याची पेटी निघाली असे समजावे. इतर कोणत्याही महिन्यात फोन आला तर त्याचे काहीतरी अडले आहे असे समजावे. हा फोन दिवाळीनंतरचा होता.

"अरे, तू जन्मभर सरकारात माणसं नेमलीस ना?" दादाने विचारले.

वास्तविक मी एकही माणूस नेमला नाही. मी आस्थापना शाखेत होतो. माणूस नेमण्याची फाईल 'सादर' असा शेरा मारून वर पाठवायची आणि ती खाली आली की 'नोंद घेतली' असे लिहून कपाटात ठेवायची, हे मी तेहतीस वर्षे केले. पण हा सूक्ष्म भेद नातेवाइकांना समजावून सांगण्यात अर्थ नसतो. मी 'हो' म्हणालो आणि तिसऱ्या दिवशी रत्नागिरी स्टेशनावर उतरलो.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मालगुंड हे गणपतीपुळ्याच्या शेजारचे गाव. केशवसुत १८६६ साली इथे जन्मले आणि १९९४ पासून त्यांचे स्मारकही इथे आहे. साहित्यप्रेमी लोक मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहायला येतात. पण गावात शिरणाऱ्या बहुतेक गाड्या गणपतीसाठी आलेल्या आणि पुळ्याला खोली न मिळालेल्या लोकांच्या असतात. या दुसऱ्या वर्गावर दादाचा प्रपंच चालतो. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली, पाहुणे वाढले, तेव्हा दादाने आगरातल्या चार पोफळी काढून आठ खोल्या बांधल्या आणि गडग्यावर पाटी लावली, 'घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय'. त्यातला 'उत्तम' हा शब्द रंगाऱ्याने जागा उरली म्हणून घातला असे दादा प्रांजळपणे सांगतो.

या संस्थेचे स्वागतकक्ष म्हणजे दादाच्या घराची पडवी. तिथे एक टेबल, टेबलावर नोंदवही, मागे भिंतीवर एक फळी आणि फळीला आठ खिळे. खिळ्यांवर आठ किल्ल्या. सगळी कुलपे एका नमुन्याची, फक्त सहा नंबरचे वेगळे. आणि या सगळ्याच्या मधोमध, गेली वीस-बावीस वर्षे, आमची वहिनी.

ती वहिनी आता मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने पुण्याला निघाली होती.

"तीन महिन्यांपुरता माणूस ठेवू," दादा म्हणाला. "टेबलामागे बसायचं नि किल्ल्या द्यायच्या. त्यात काय आहे?"

वहिनी आत विळीवर नारळ खवत होती. खवण्याचा आवाज थांबला.

"पगार किती द्यायचा?" मी विचारले.

"तेच तर म्हणतोय. हिला मी काय देतो?"

खवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण त्यात आता नारळाविषयी काही राग नव्हता एवढे मला स्पष्ट कळले. मी खुर्ची थोडी दादापासून लांब घेतली.

आस्थापना शाखेचा पहिला नियम असा की माणूस नेमण्याआधी पद ठरवावे, आणि पद ठरवण्याआधी त्याची 'कर्तव्ये व जबाबदाऱ्या' लिहून काढाव्यात. मी एक फुलस्केप कागद घेतला आणि एक दिवस वहिनीच्या मागे मागे फिरलो. पहाटे देवळात जाणाऱ्यांना हाक मारणे. पाणी तापले की नाही ते बंबाला हात लावून नव्हे, बंबवाल्या पोराच्या चेहऱ्यावरून ओळखणे. नोंदवहीत नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार हे भरून घेणे. ओळखपत्राची प्रत घेणे. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत सरकारला कळवणे. फोनवर भाव सांगणे आणि मोबाईलवर आलेल्या बुकिंगचा नोंदवहीशी मेळ घालणे. लहान मूल असेल तर मऊ भात टाकायला सांगणे. आजोबांना जिन्याजवळची खोली न देणे. भांडून आलेल्या जोडप्याला चहा एका ट्रेमध्ये पाठवायचा की दोन, हे ठरवणे. रात्री अकराला गाडी आली तर आधी 'जेवलात का' विचारणे आणि मग ओळखपत्र मागणे.

या नोंदवहीत 'येण्याची तारीख' आणि 'जाण्याची तारीख' असे दोन रकाने होते. पहिला पाहुणा आपणहून भरतो, दुसरा भरून घ्यावा लागतो असे वहिनी म्हणाली. मला ते लगेच पटले. रत्नागिरीला आलेला सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे ब्रह्मदेशचा थिबा राजा. त्याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला, त्याचा राजवाडा बांधून व्हायला १९१० साल उजाडले, आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षे राहिला, पण दुसरा रकाना काही भरला गेला नाही. मी हा विनोद वहिनीला सांगितला. ती हसली नाही. तिने नोंदवही मिटली आणि फडक्याने टेबल पुसले.

यादीतले सतरावे काम होते 'भरती पाहणे'.

"म्हणजे सैन्याची?" मी विचारले.

"समुद्राची हो, भावजी. तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी. आठ पाऊण सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला पुरी भरती. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन."

लहानपणी आम्हाला पाऊणकी छड्या मारून पाठ करून घेतली होती. ती कशासाठी, हे मला त्या दिवशी साठ वर्षांनी कळले.

एकूण तेवीस कामे झाली. सरकारी कागदाला शेवट लागतो म्हणून मी चोविसावे घातले, 'याशिवाय वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ती कामे.' हे कलम ज्याने प्रथम लिहिले त्याचा एखाद्या कचेरीच्या आवारात पुतळा हवा होता. त्याच्या जोरावर मी शिपायांना साहेबांच्या घरचे दळण आणताना पाहिले आहे.

मग जाहिरात. 'रिसेप्शनिस्ट' लिहिले तर गावात कुणाला कळेल की नाही म्हणून मी शुद्ध मराठीत 'स्वागतिका पाहिजे' असे लिहून दिले आणि दादाने ते मोबाईलवरून पंचक्रोशीत पाठवले. पहिला फोन एका भजनीबुवांचा आला. गाणे शास्त्रीय हवे की सुगम, एवढेच त्यांना विचारायचे होते. 'स्वागतिका' हा शब्द ऐकला की मलाही कुणीतरी हातात तबक घेऊन नांदी म्हणत येत आहे असे वाटते. आम्ही दुसरी जाहिरात काढली, 'टेबलावर बसायला माणूस पाहिजे.' त्यावर एकाने, टेबलावर का, खुर्ची नाही का, असे विचारले. तिसरी जाहिरात काढली नाही.

मुलाखतीला चौघे आले.

पहिला तरुण हॉटेलविद्या शिकलेला होता. टाय लावून आला होता. कोकणात टाय लावणाऱ्या माणसाचे धैर्य मानलेच पाहिजे. त्याने पडवीत उभा राहून "सिस्टीम कुठली वापरता?" असे विचारले. वहिनीने नोंदवही दाखवली. "आणि बॅकअप?" वहिनीने गेल्या वर्षीची नोंदवही दाखवली. मग पाहुणा आल्याबरोबर त्याला 'वेलकम ड्रिंक' दिले पाहिजे असे त्याने आम्हाला शिकवले. वहिनीने त्याला कोकम सरबत दिले. त्याने तीन पेले घेतले, टाय सैल केला आणि झोपाळ्यावर टेकला. माणूस चांगला होता, पण तो पाहुणा म्हणूनच शोभत होता.

दुसरे गृहस्थ एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. यांच्याविषयी माझ्या मनात आदर होता. महाराष्ट्रातला खरा स्वागतकक्ष म्हणजे एस.टी. स्टँडवरची 'चौकशी' अशी पाटी असलेली खिडकी. आपली गाडी कुठे लागेल याचे उत्तर तिथे मान वर न करता मिळते आणि ते बरोबर असते. मी पाहुणा झालो आणि विचारले, "खोली आहे का?"

"आहे."

"केव्हा मिळेल?"

"लागली की मिळेल."

"साधारण किती वाजता?"

"अनाउन्स करू."

तिसरा दादाच्या साडूचा पुतण्या होता. तो मुलाखतभर मोबाईलमध्ये पाहत होता. आम्ही तिघांनी एकमेकांत बोलून मुलाखत उरकली तरी त्याला पत्ता नव्हता.

चौथी मुलगी शेजारच्या वाडीतली. बी.कॉम. झालेली, दोन वर्षे एका दुकानात मोबाईल रिचार्ज करून देत होती. वडील मासेमारीच्या होडीवर. ती खुर्चीच्या कडेवर बसली. मी माझी चोवीस कलमे तिला वाचायला दिली. तिने ती सावकाश वाचली, कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिले, आणि म्हणाली, "काका, मी काय काय करायचं ते यात आहे. मी काय काय ठरवायचं, ते कुठे आहे?"

मी म्हटले, "ठरवायचं म्हणजे?"

"म्हणजे एखाद्याला नाही म्हणायचं झालं तर? की पैसे थोडे कमी घ्यायचे झाले तर? कुणाला विचारू?"

"मला," दादा म्हणाला.

"तुमचा फोन नाही लागला तर?"

दादाने माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे पाहिले. तेहतीस वर्षांत मी शेकडो पदांची कर्तव्ये लिहिली. खिडकीत कोण बसेल, किती वाजता बसेल, कोणत्या रंगाच्या शाईने लिहील, सगळे लिहिले. पण खिडकीतल्या माणसाने स्वतःच्या अकलेने काय ठरवावे हे एकदाही लिहिले नाही. त्यामुळे खिडकीबाहेरचे लोक त्याला शिव्या देतात, आणि त्या खाण्याचे पूर्ण अधिकार मात्र त्याला असतात. मलाही काही वर्षे होते.

"ही राहू दे," आतून वहिनी म्हणाली.

वहिनी निघायच्या आदल्या रात्री आम्ही पडवीत बसलो होतो. वहिनी मुलीला किल्ल्यांची फळी समजावून देत होती. मुलीने विचारले, "सहाचं कुलूप वेगळं का?"

वहिनी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी नवीनच बसायला लागले होते तेव्हा इथे. घाटावरचा एक मुलगा उतरला होता. तुझ्याएवढाच. दुपारी किल्ली खिशात घालून इथे उभा राहिला नि म्हणाला, 'वहिनी, समुद्रावर जाऊन येतो.' भरतीची वेळ होती. मला ठाऊक होतं. पण पाहुणा माणूस, त्याला नको कसं म्हणायचं? आणि मी कोण नको म्हणणारी? मी म्हटलं, 'या.'"

आपल्याकडे येणाऱ्यालाही 'या' म्हणतात आणि जाणाऱ्यालाही 'या'च म्हणतात. पडवीत बराच वेळ कुणी बोलले नाही. आगरापलीकडून समुद्राचा आवाज येत होता. तो मालगुंडात नेहमीच येतो, आपण ऐकत नाही एवढेच.

"त्या पानावर दुसरा रकाना मी भरला नाही," वहिनी म्हणाली. "कुलूप तोडून नवीन आणलं. तेव्हापासून मी कुणाला विचारत नाही. सांगते."

दादा खाली मान घालून सुपारी कातरत होता. 'टेबलामागे बसायचं, त्यात काय आहे' हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

वहिनी गेली. मी 'देखरेख' या सदराखाली महिनाभर राहिलो. देखरेख म्हणजे मुलगी जेवायला गेली की मी टेबलामागे बसायचे. त्या काळात मला विचारले गेलेले प्रश्न असे. समुद्र किती वाजता बंद होतो? केशवसुत किती वाजता भेटतात? गणपतीची प्रदक्षिणा टेकडीला घालायची तर गाडी फिरते का? यांपैकी एकाचेही उत्तर मला चोवीस कलमांत सापडले नाही. मुलगी जेवून आली की हीच माणसे तिच्याशी पाच मिनिटे बोलून हसत जायची. ती काय सांगायची कोण जाणे. नोंदवहीतले तिचे अक्षर दुकानातल्या बिलासारखे स्वच्छ होते आणि दुसरा रकाना रोजच्या रोज भरलेला असे.

आणि मग अंगारकी आली. अंगारकीला पुळ्याची गर्दी ज्याने पाहिली नाही त्याला मी ती सांगू शकत नाही, आणि ज्याने पाहिली तो गर्दीत असल्यामुळे त्याला काही दिसलेले नसते. कोल्हापूर, सांगलीकडून गाड्या येतात त्या आदल्या रात्रीपासून. आमच्या आठही खोल्या भरल्या. सहा नंबरात घाटावरची चार पोरे होती. पहाटेपासून रांगेत उभी राहून दर्शन घेऊन दोन वाजता परत आली, कपडे बदलले आणि खांद्यावर टॉवेल टाकून पडवीत आली.

"समुद्रावर जाऊन येतो," त्यांतला एक म्हणाला आणि किल्ली खिशात घातली.

मी झोपाळ्यावर होतो. चार पाऊण तीन, हे माझ्या मनात आले. मी मुलीकडे पाहिले. ती दादाला फोन लावत होती. दादा सामान आणायला पुळ्याला गेला होता आणि एवढ्या गर्दीत कुणाचाच फोन लागत नव्हता. मी आस्थापना शाखेच्या सवयीने म्हणणार होतो की लागेपर्यंत थांबू. तिने फोन खाली ठेवला.

"आत्ता नका जाऊ," ती म्हणाली. "तीनला पुरी भरती आहे. इथला किनारा उतरता आहे, पायाखालची वाळू ओढून नेतं पाणी."

"आम्हाला पोहता येतं. विहिरीत शिकलोय."

"विहिरीला भरती येत नाही."

पोरे हसली. त्यांतल्या पुढाऱ्याने विचारले, "तुम्ही कोण थांबवणार?"

मला वाटले, आता संपले. हाच प्रश्न तिने मुलाखतीत आम्हाला विचारला होता आणि आम्ही त्याचे उत्तर दिले नव्हते. तिने नोंदवही उघडली, चौघांची नावे होती ते पान काढले आणि पेन पुढे केले.

"नाही थांबवत. इथे नावापुढे घरचा फोन नंबर लिहा आणि सही करा. मग जा."

"आमचे नंबर आहेत की तुमच्याकडे."

"तुमचे नकोत. घरचे द्या. आईचा दिलात तर बरं."

पेन पुढे धरलेले तसेच राहिले. चौघांपैकी कुणीही ते घेतले नाही. एक जण फळीकडे बघत होता, एक जण स्वतःच्या पायांकडे.

"उपवास असेल ना?" तिने आवाज बदलून विचारले. "वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी तयार आहे. गरम आहे तोवर बसा. साडेपाचला ओहोटी चांगली लागलेली असते, तेव्हा मी सांगते कुठे जायचं ते."

ती आमटी आणि ते वरीचे तांदूळ घरच्यांसाठी, म्हणजे प्रामुख्याने माझ्यासाठी केलेले होते. स्वयंपाकाच्या काकूंनी दारातून माझ्याकडे पाहिले. मी देखरेख अधिकारी या नात्याने मान हलवली आणि केळे खाल्ले. त्या पोरांनी पातेले चाटूनपुसून रिकामे केले. उपवासाच्या जेवणासारखे सुस्त करणारे दुसरे अन्न नाही. तीन वाजता, म्हणजे बरोबर पुऱ्या भरतीला, सहा नंबरातून चार प्रकारचे घोरणे ऐकू येत होते. संध्याकाळी ती गायवाडीच्या किनाऱ्यावर गेली, घोटाभर पाण्यात उभी राहून फोटो काढले आणि चंद्रोदयाला मोदक खायला परत आली.

दादा घरी आला आणि त्याने सगळे ऐकले. प्रथम तो आमटीबद्दल बोलला. मग किल्ल्यांच्या फळीकडे पाहून गप्प झाला.

रात्री साडेनऊला पुण्याहून वहिनीचा फोन. नातीला जन्मून तीन दिवस झाले होते. पण तिने नातीचे सांगितले नाही, गर्दीचे विचारले नाही, गल्ल्याचे तर नाहीच नाही.

"भावजी, किल्ल्या सगळ्या आल्या ना?"

मी फळीकडे पाहिले. एक ते आठ मोजल्या, आणि पुन्हा एकदा मोजल्या. "आल्या," मी म्हटले.

"मग ठेवते," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जाताना पोरांनी मोबाईलवर आमच्या सोयीला पाचांपैकी तीन तारे दिले आणि खाली लिहिले, 'जेवण उत्तम. रिसेप्शनवाल्या मॅडम पोहू देत नाहीत.' गेलेल्या दोन ताऱ्यांबद्दल दादा अजून हळहळतो. पण रंगाऱ्याने घातलेला 'उत्तम' हा शब्द आता लेखी पुराव्यानिशी खरा ठरला असे मी त्याला समजावतो.

निघण्यापूर्वी मी माझा फुलस्केप कागद पुन्हा काढला. चोविसाव्या कलमाखाली, 'याशिवाय वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ती कामे' याच्या पुढे मी लिहिले, 'आणि वरिष्ठ जागेवर नसतील तेव्हा स्वतःला योग्य वाटेल ते.' दादापुढे कागद ठेवला. तो चष्मा शोधायला लागला.

"वाचायचं काही नाही," मी म्हटले. "सही कर."

त्याने केली. आता हा कागद किल्ल्यांच्या फळीशेजारी खिळ्याला लावलेला आहे. वहिनी पुण्याहून परत येऊन कितीतरी दिवस झाले, पण ती मुलगी अजून टेबलामागेच आहे. वहिनी दुपारची आत झोपते. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदाच.